दवाखान्याचे अंतर कोणाच्या पावलांनी मोजावे?

वाचकांचे प्रश्न

नागरी आरोग्य केंद्राची जागा ठरवताना संगणकावरील नकाशांचा, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचा, नेमका काय उपयोग होतो आणि सामान्य नागरिकाला त्यात काही करता येते का, अशी विचारणा करणारी अनेक पत्रे कोल्हापूर शहर आणि परिसरातून आली आहेत. त्यांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने शहराच्या छापील नकाशावर सरकारी दवाखान्यांभोवती कंपासने एक-एक किलोमीटरची वर्तुळे काढली. आमची बहुतेक वस्ती कोणत्या ना कोणत्या वर्तुळात येते, त्यामुळे कागदावर सोय पुरेशी दिसते. प्रत्यक्षात मात्र संघातील अनेक जण 'लांब पडते' म्हणून दवाखान्यात जाण्याचे टाळतात. आमचे कुठे चुकते आहे?
– निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : आपले गणित बरोबर आहे, पण त्यात रस्ता आणि चालणारा माणूस हे दोन्ही आलेले नाहीत. कंपास सरळ रेषेत अंतर मोजतो; माणसाला मात्र गल्लीने, चौकाने, पुलाने जावे लागते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर भरते. आता आपल्या राजारामपुरीतील गल्ल्यांसारख्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या आणि जवळजवळ असलेल्या गल्ल्यांची वस्ती घ्या. इतक्या सोयीच्या रचनेतही रस्त्याने एक किलोमीटर चालून जेथवर पोहोचता येते, तो भाग टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या आकाराचा होतो आणि त्याचे क्षेत्रफळ २ चौरस किलोमीटरच असते. म्हणजे वर्तुळातील एक तृतीयांशाहून अधिक जागा पहिल्याच पायरीला गळाली.

दुसरी पायरी चालण्याच्या वेगाची आहे. पंधरा मिनिटांत एक किलोमीटर, म्हणजे ताशी ४ किलोमीटर, हा वेग धडधाकट माणसाचा धरला जातो. गुडघे दुखणाऱ्या आजी, सातव्या-आठव्या महिन्यातील गर्भवती किंवा कडेवर तापलेले मूल घेऊन निघालेली आई यांच्यासाठी ताशी ३ किलोमीटर हा वेगही पुष्कळ झाला. या वेगाने पंधरा मिनिटांत ७५० मीटर होतात, आणि त्याच काटकोनी गल्ल्यांत पोहोचण्याचे क्षेत्र सुमारे १.१ चौरस किलोमीटर उरते. आपण काढलेल्या वर्तुळाचा हा जेमतेम एक तृतीयांश भाग झाला. आपल्या संघातील मंडळी राहतात ती उरलेल्या दोन तृतीयांशात, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे व आपला नकाशा जुळत नाहीत.

यात अडथळे अजून धरलेलेच नाहीत. राजारामपुरी आणि शाहूपुरी यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आहे. नकाशावर दोन ठिकाणे लागून दिसली, तरी पायी जाणाऱ्याला परीख पुलाखालचा मार्ग किंवा ओलांडण्याची दुसरी जागा गाठावी लागते, आणि मोठा पाऊस झाला की या पुलाखाली पाणी साचते. जयंती नाल्याच्या दोन्ही काठांवरील घरांनाही हेच लागू आहे. पूल कुठे आहे यावर तेथील अंतर ठरते.

रस्त्याने मोजलेल्या अंतराचा हा विचार नवा नाही. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे लक्ष वेधले, ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच नकाशाची सुधारित आवृत्ती केली आणि तीत एक तुटक रेघ काढली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि इतर पंप यांच्यापासून जवळच्या रस्त्याने सारख्याच अंतरावर असलेली ठिकाणे ती रेघ जोडत होती. संगणक नसताना, हाताने, एका डॉक्टरने लोक प्रत्यक्षात कोणत्या वाटेने पाण्याला जातात हे नकाशावर आणले होते.

आज हे काम बरेच सोपे झाले आहे. क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणकप्रणाली आणि ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरील रस्त्यांची माहिती घेतली, तर दवाखान्यापासून रस्त्याने ७५० मीटरच्या आत येणाऱ्या सर्व गल्ल्या काही मिनिटांत रंगवता येतात. मात्र त्याआधी रस्त्यांचा नकाशा तपासलाच पाहिजे. शिवाजी पेठेतील किंवा मंगळवार पेठेतील एखादा बोळ, जेथून रहिवासी रोज जातात, तो या नकाशात नसेल तर संगणक त्यांना विनाकारण वळसा घालायला लावील. उलट एखादी वाट नकाशात असेल आणि प्रत्यक्षात तेथे कुलूपबंद फाटक असेल, तर नसलेली सोय दिसेल. आपल्या संघातील सदस्यांनी आपापल्या गल्लीची ही तपासणी केली, तर कोणत्याही बाहेरच्या सल्लागारापेक्षा ती अधिक भरवशाची होईल.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका अशा वेळी माणूस अंतर पाहत नाही, रिक्षा करून थेट मोठ्या रुग्णालयात जातो. अंतराचा खरा फटका रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांच्या रुग्णांना बसतो, कारण त्यांना गोळ्यांसाठी पुन्हा पुन्हा यावे लागते आणि एक खेप चुकली तर लगेच काही होत नाही. दोन-तीन खेपा अशाच चुकतात आणि उपचार सुटतो. नागरी आरोग्य केंद्र प्रामुख्याने याच रुग्णांसाठी असते, त्यामुळे त्याची जागा ठरवताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेगच प्रमाण मानला पाहिजे.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. लोकसंख्येच्या निकषावर केंद्र मंजूर होते असे आम्हाला सांगतात. पण आमच्या भागात भाड्याने राहणारी, कामासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि ती कोणत्याच यादीत दिसत नाहीत. ही माणसे नकाशावर कशी आणायची?
– एक स्वयंसेविका, सदर बाजार परिसर

उत्तर : ताई, आपण विचारलेला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो, कारण नकाशात माणसेच चुकली तर पुढची सर्व गणिते सुबक असूनही निरुपयोगी ठरतात.

केंद्र सरकारने १ मे २०१३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे धरलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. भागाकार केला तर अकरा केंद्रे येतात. परंतु हा आकडा किती केंद्रे हवीत एवढेच सांगतो, ती कुठे हवीत हे त्यातून कळत नाही. त्याच अभियानाच्या आराखड्यात आणखी दोन अपेक्षा आहेत, त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. केंद्र शक्यतो झोपडपट्टीत किंवा तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असावे, आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ अशी असावी, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्यांना कामाचा खाडा न करता येता येईल. सकाळी उघडून दुपारी बंद होणारे केंद्र घराला लागून असले, तरी धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी ते नसल्यासारखेच आहे. म्हणून नकाशावर केंद्राच्या खुणेबरोबर त्याची वेळही नोंदवावी, असे मी नेहमी सुचवतो.

आता लोकसंख्येविषयी. जनगणनेचे उपलब्ध आकडे २०११ चे आहेत, आणि ते प्रभागवार वापरले तर प्रभागाची सरासरी हाती येते. एकाच प्रभागात बंगल्यांची कॉलनी आणि पत्र्याच्या खोल्यांची रांग असली, तर त्या सरासरीत दुसरी पार बुजून जाते. त्यातच प्रभागरचना बदलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही. यावर उपाय असा की प्रभागाची लोकसंख्या सर्व जमिनीवर सारखी न पसरता, उपग्रहाच्या चित्रात जेथे घरे दिसतात तेथेच ती वाटायची. मैदाने, शेते, तळी, कारखान्यांची आवारे वगळायची. जनगणनेसाठी शहराचे सुमारे ६५० ते ८०० लोकवस्तीचे लहान गट पाडलेले असतात. त्या गटांचे आकडे घेतले तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

परंतु एका खोलीत किती माणसे राहतात, हे उपग्रहाला दिसत नाही. ते आपल्या वहीत असते. अभियानाच्या रचनेत एका आशाकडे साधारण १,००० ते २,५०० लोकसंख्या असते, आणि तिच्या घरभेटींच्या नोंदी हा शहराच्या लोकसंख्येचा सर्वांत ताजा आधार आहे. या नोंदी नकाशावर आणताना पत्त्याची अडचण येते, कारण आपल्याकडील पत्ता 'ई वॉर्ड' आणि सिटी सर्व्हे नंबर एवढ्यावर कधीच थांबत नाही. 'तालमीच्या मागे, चक्कीशेजारून आत, पिंपळासमोर' हाच खरा पत्ता असतो. त्यामुळे आधी आपल्या भागातील तालमी, मंडळे, देवळे, मशिदी, चक्क्या, सार्वजनिक नळ आणि अंगणवाड्या यांची ठिकाणे मोबाईलवर नोंदवून घ्यावीत, आणि मग प्रत्येक खुणेच्या आसपास किती घरे, त्यांत पाच वर्षांखालील मुले किती, गर्भवती किती, साठीच्या पुढचे किती, भाडेकरू किती, एवढेच आकडे लिहावेत. अशा पंधरा-वीस खुणांमध्ये आपला सर्व भाग बसेल.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा रुग्ण म्हणून कोणाचेही घर नकाशावर टिंबाने दाखवू नये, मग तो नकाशा कार्यालयापुरता असला तरी. गल्लीत चारच घरे असतील तर टिंबावरून नाव कळते आणि त्या कुटुंबाचे जगणे अवघड होते. खुणेनुसार एकत्र केलेले आकडे जागा ठरवण्यासाठी पूर्ण पुरेसे आहेत.

प्रश्न : मी नगररचनेची विद्यार्थिनी आहे. केंद्रासाठी 'सर्वोत्तम जागा' शोधण्याच्या निरनिराळ्या पद्धती अभ्यासक्रमात आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे येते. यांतील कोणती पद्धत कोल्हापूरसारख्या शहराला योग्य?
– विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : उत्तरे वेगळी येतात कारण प्रत्येक पद्धत न्याय वेगळा मानते. हकिमी यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सर्व लोकांचे मिळून एकूण अंतर कमीत कमी व्हावे असे पाहिले जाते. चर्च आणि रेव्हेल यांच्या १९७४ मधील पद्धतीत ठरावीक अंतराच्या आत जास्तीत जास्त लोक यावेत हे उद्दिष्ट असते. दोन्हींमध्ये दाट वस्तीचे वजन जास्त पडते आणि कडेची छोटी वस्ती हरते. एक काल्पनिक उदाहरण घ्या. ९,००० लोक केंद्रापासून ५ मिनिटांवर आणि १,००० लोक ४० मिनिटांवर आहेत. सरासरी काढली तर साडेआठ मिनिटे येते, आणि साडेआठ मिनिटे हा आकडा कोणत्याही अहवालात उत्तमच दिसेल. त्या अहवालात चाळीस मिनिटे चालणारी हजार माणसे कुठेच दिसणार नाहीत.

म्हणून माझे मत असे की पहिली अट कमाल अंतराची घालावी: कोणतीही वस्ती सावकाश चालणाऱ्याच्या वीस मिनिटांच्या बाहेर राहता कामा नये. ही अट पूर्ण करणाऱ्या जागांमधून मग एकूण अंतर कमी करणारी जागा निवडावी. यात एखादे केंद्र जास्त लागू शकते, आणि तो खर्च मला योग्य वाटतो. पूर्ण केंद्र शक्य नसेल तेथे लहान उपकेंद्र किंवा आठवड्यातील ठरलेल्या दिवशी येणारे पथक असा मार्ग काढता येतो.

केवळ अंतर पाहूनही भागत नाही, कारण जवळच्या केंद्रात रांग इतकी असेल की नंबरच लागणार नाही, तर जवळ असण्याचा उपयोग काय? यासाठी लुओ आणि वांग यांनी २००३ मध्ये पुढे आणलेली दोन टप्प्यांची पद्धत आपण अवश्य करून पाहावी. समजा 'क' आणि 'ख' ही दोन केंद्रे आहेत आणि प्रत्येकात एक डॉक्टर आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक केंद्राच्या आवाक्यात, म्हणजे ठरावीक अंतराच्या आत, किती लोक येतात ते पाहायचे: 'क'च्या आवाक्यात ५०,००० आले तर प्रमाण लाखामागे २ डॉक्टर, 'ख'च्या आवाक्यात २५,००० आले तर लाखामागे ४. दुसऱ्या टप्प्यात वस्तीकडून पाहायचे. जी वस्ती दोन्ही केंद्रांना जवळ आहे तिच्या वाट्याला ६, फक्त 'क'ला जवळ असलेल्या वस्तीला २, आणि कोणालाच जवळ नसलेल्या वस्तीला शून्य. हे आकडे रंगाने दाखवले की शहरात सोयींची गर्दी कुठे झाली आहे आणि कोरडे भाग कोणते, हे नकाशा न वाचता येणाऱ्यालाही समजते.

या गणितात संगणकाला संपूर्ण शहर मोकळे देऊ नये. तो एखाद्या मंगल कार्यालयाच्या मध्यभागी केंद्र सुचवील. महापालिकेच्या शाळांच्या रिकाम्या खोल्या, समाजमंदिरे, सभागृहे, आरक्षित भूखंड यांची यादी आधी नकाशावर आणावी आणि निवड त्यांतूनच करायला सांगावे. अहवाल धूळ खात पडतो की अमलात येतो, हे बहुधा या एका पायरीवर ठरते.

प्रश्न : मी चाकाची खुर्ची वापरतो. नकाशा मला दवाखान्याच्या दारापर्यंत आणील, पुढच्या चार पायऱ्यांचे काय?
– वाचक, टाकाळा

उत्तर : त्या पायऱ्या नकाशात नोंदवलेल्या नसतील तर आपल्या दृष्टीने तो नकाशा अपुरा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम असणे बंधनकारक आहे, आणि उताराच्या मार्गासाठी एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हे प्रमाण मानले जाते. तेव्हा प्रत्येक केंद्राच्या नोंदीत प्रवेशाचा उतार, दाराची रुंदी, स्वच्छतागृह आणि तपासणीची खोली तळमजल्यावर आहे की नाही, हे रकाने असायला हवेत. वाटेतील चढही महत्त्वाचा असतो. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर जमिनीच्या उंचीची ३० मीटर अंतराने घेतलेली माहिती मिळते आणि टेंबलाईसारख्या भागातील चढ तिच्यातून कळतो. परंतु गटारावरची फुटलेली फरशी किंवा पदपथाची उंच कड त्यात दिसणार नाही. त्यासाठी खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन ती वाट प्रत्यक्ष पार करणे, याला पर्याय नाही.

प्रश्न : पुरात आमचा भाग वेढला जातो. त्या दिवसांचा विचार या नियोजनात होतो का?
– वाचक, दुधाळी

उत्तर : व्हायलाच हवा, आणि कोल्हापुरात तो न करणे मला अक्षम्य वाटते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी आले की शहराचे रस्तेच तुटतात. कोरड्या दिवसांत दहा मिनिटांवर असलेले केंद्र त्या आठवड्यात तासाभरावर जाते किंवा गाठताच येत नाही.

पद्धत साधी आहे. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नकाशावर घ्याव्यात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची. नवे केंद्र निळ्या रेषेच्या आत मुळीच नसावे, आणि लाल रेषेच्या आत असल्यास औषधसाठा, लसींचे शीतकपाट आणि जनित्र वरच्या मजल्यावर हवे. त्यानंतर पाण्याखाली जाणारे रस्ते आणि पूल वगळून अंतराचे सर्व गणित पुन्हा करावे. या दुसऱ्या नकाशात ज्या वस्त्या एकाकी पडलेल्या दिसतील, तेथील गर्भवती, डायलिसिसचे आणि इन्सुलिन घेणारे रुग्ण यांची संख्या जूनच्या आत हाताशी असावी. त्या वस्त्यांसाठी निवारा केंद्राच्या शाळा कोणत्या हे आधी ठरले, तर दवाखान्याचे पथकही त्याच शाळेत बसवता येते. वेढलेल्या भागातील माणसाला पूर चढल्यावर दवाखाना शोधायला लावणे योग्य नाही.

प्रश्न : आम्ही शहराच्या हद्दीबाहेर राहतो, पण दवाखान्यासाठी शहरातच येतो. आमची मोजदाद कुठे होते?
– वाचक, पाचगाव

उत्तर : हद्दीपाशी नकाशा कापला तर कुठेच होत नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी येथील लोक शहरातील केंद्रांत येतात, त्यामुळे कडेच्या केंद्रांवरील भार कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो, आणि त्याचा त्रास हद्दीच्या आतील रुग्णांनाही होतो. हद्दवाढीचा वाद त्याच्या जागी राहू द्यावा. आरोग्याच्या नकाशासाठी हद्दीबाहेरचा निदान तीन किलोमीटरचा पट्टा, तेथील ग्रामीण केंद्रांसह, हिशेबात धरावा. आपल्या गावाच्या बाबतीत एक काम लगेच होण्याजोगे आहे. ग्रामपंचायतीने कुटुंबसंख्या आणि के.एम.टी.च्या थांब्यांवरील बसच्या प्रत्यक्ष वेळा लिहून महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांना एकाच पत्राने कळवाव्यात. बस दर किती मिनिटांनी आहे हे कळले, की थांबण्याचा वेळ धरून आपले खरे अंतर मिनिटांत काढता येईल.